वाचतोयस की म्हणतोयस?

कच्चा_खर्डा

मी मुद्रितशोधक आहे. बावीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं वाचून पोट भरतो. ती खरी आहेत का, मला पटतात का, हे माझ्या कामात येत नाही. ऱ्हस्व-दीर्घ बघायचं, सुटलेला शब्द पकडायचा, पुढच्या पानावर जायचं. चूक नक्की असेल तर लाल पेन, शंका असेल तर समासात पेन्सिलीनं खूण. हे आधी सांगतोय, कारण पुढचा सगळा प्रश्न त्यातूनच निघालाय.

माझे वडील त्र्याऐंशी वर्षांचे आहेत. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले. उजेड कुठल्या बाजूनं येतोय एवढंच आता कळतं. त्यांच्याकडे एक जुनी वही आहे. त्यांच्या आईला पाठ असलेल्या प्रार्थना त्यांनी तरुणपणी तिच्या तोंडून ऐकून त्यात उतरवल्या होत्या. छत्तीस प्रार्थना, शाई फिकी पडलेली, अक्षर मात्र अजून सुबक. नजर होती तोवर ते झोपायच्या आधी त्यातली दोन-तीन पानं स्वतः म्हणायचे. नजर गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं. साडेनऊला त्यांच्या पलंगाजवळ खुर्ची ओढतो, वही उघडतो आणि वीसेक मिनिटं वाचतो. चौदा महिने झाले. चार-पाच रात्री सोडल्या तर खंड नाही.

अडचण अशी की माझा विश्वास राहिलेला नाही.

तो कसा गेला तेही सांगतो, कारण लोकांना वाटतं काहीतरी भयंकर घडलं की मगच जातो. माझ्या बहिणीच्या गाठीचा रिपोर्ट यायचा होता. आम्ही दोघं बाहेर बाकावर बसलो होतो. रिपोर्ट आला, गाठ साधी निघाली. ताई रडायला लागली, मी तिला जवळ घेतलं आणि सवयीनं मनातल्या मनात आभार मानायला वळलो, तर त्या जागी कोणी नव्हतं. मी कोणाला हाकललं नव्हतं, कोणी रुसून गेलं नव्हतं. चालता चालता बोलत असावं, उत्तर आलं नाही म्हणून वळून बघावं आणि सोबतचा माणूस केव्हाचाच मागे राहिलेला असावा, तसं झालं. बातमी वाईट असती तर निदान भांडलो तरी असतो. बातमी चांगली, आणि आभार घ्यायला कोणी नाही, ही पोकळी मला जास्त लागली. त्याला सहा वर्षं झाली. घरात कोणाला सांगितलेलं नाही.

तीन आठवड्यांपूर्वी मी वाचत असताना बाबांनी हात वर केला.

"तू वाचतोयस की म्हणतोयस?"

"वहीतलंच वाचतोय, बाबा."

"ते कळतंय," म्हणाले आणि हात खाली ठेवला. मी पान पुरं केलं. त्यावर दोघांपैकी कोणी काही बोललं नाही.

पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. आपण प्रार्थना म्हणतो. आणि माणसाचं मत विचारायलाही आपण तोच शब्द घेतो: तुझं म्हणणं काय? म्हणजे जे म्हटलं ते माझं झालं, त्याच्यामागे मी उभा आहे, असं ही भाषाच धरून चालते. मी चौदा महिने प्रार्थना वाचतोय आणि त्यातलं काहीही माझं म्हणणं नाही.

आणखी एक गोष्ट, वरवर बारीक. सतराव्या पानावर एक ओळ आहे: "दिसणाऱ्याचा हात माझ्या हातून सुटू नये." पहिल्या रात्रीच माझ्या लक्षात आलं की इथे एक अक्षर पडलंय. मागचा-पुढचा संदर्भ बघता ती ओळ "न दिसणाऱ्याचा हात" अशीच हवी. उतरवून घेताना बाबांकडून "न" सुटला असणार. वहीत मी काही केलं नाही, पण वाचताना दर वेळी तो "न" घालून वाचतो. धंद्याची सवय. परवा जाणवलं की ज्याच्यावर माझा विश्वास नाही त्या न दिसणाऱ्याला मीच रोज रात्री वाक्यात परत आणून बसवतोय.

गेल्या महिन्यात अस्तित्ववादावरच्या, म्हणजे माणसाची निवड आणि तिची जबाबदारी मध्यभागी ठेवणाऱ्या विचारावरच्या, एका पाठ्यपुस्तकाची प्रुफं माझ्याकडे आली. किर्केगार्द, नीत्शे, सार्त्र, काम्यू असे विचारवंत. बावीस वर्षांत पहिल्यांदा मी चुका सोडून मजकूर वाचला आणि मग तीच पानं चुकांसाठी पुन्हा वाचावी लागली. "आत्मवंचना" या शब्दाशी फार वेळ अडलो.

म्हणून विचारतो. मी बाबांशी खोटं वागतोय का? त्यांना सांगायला हवं का? आणि वर कोणी नसेल, तर "हवं" हा शब्द नक्की कोणाच्या जोरावर उभा आहे? कारण तो उभा आहे हे मला रोज साडेनऊला जाणवतं. त्याचं मूळ कुठे आहे ते मात्र सापडत नाही.

उघडं_दार

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. सांगून टाका.

सार्त्रनं २९ ऑक्टोबर १९४५ला पॅरिसमध्ये दिलेलं व्याख्यान तुमच्या त्या प्रुफांत आलंच असेल. त्यात तो आपल्या एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगतो. थोरला भाऊ १९४०च्या जर्मन आक्रमणात मारला गेलेला, आई या एकाच मुलाच्या आधारावर जगतेय, आणि याला इंग्लंडला जाऊन स्वतंत्र फ्रान्सच्या फौजेत भरती व्हायचंय. काय करू, म्हणून तो सार्त्रकडे येतो. सार्त्र त्याला सांगतो, तू स्वतंत्र आहेस, तूच निवड. लोक ही गोष्ट इथवरच सांगतात. मला तिचा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. सार्त्रचं म्हणणं असं की "आईवर माझं इतकं प्रेम आहे" हे वाक्य तिच्याजवळ राहिल्यावरच खरं ठरतं. भावना आधी मोजून मग वागता येत नाही, वागण्यातूनच ती घडते. तुमचे चौदा महिने हे असं वागणं आहे. तुमच्या प्रेमाबद्दल म्हणून मला शंका नाही.

पण आत्मवंचना हा शब्द तुमच्या प्रकरणात मला चुकीचा वाटतो. आत्मवंचनेत माणूस स्वतःपासून काहीतरी लपवतो. तुम्ही स्वतःपासून काहीच लपवलेलं नाही, तारीख-वार सगळं माहीत आहे. तुम्ही लपवताय ते वडिलांपासून. त्याला साधा शब्द खोटं हाच. आणि दुसऱ्याशी खोटं बोलणं म्हणजे त्याचा निर्णय त्याच्या वतीनं आपण घेऊन टाकणं. विश्वास नसलेल्या मुलाच्या तोंडून प्रार्थना ऐकायच्या की नाहीत, हे त्यांनी ठरवायचं होतं. फ्रेंच तत्त्वज्ञ सिमोन द बोव्हारनं १९४७ साली नीतिशास्त्रावर जे पुस्तक लिहिलं त्याचा कणा हाच आहे: स्वतःचं स्वातंत्र्य हवं असेल तर समोरच्याचंही हवं असावं लागतं. तुमच्या "हवं"चं मूळ तुम्ही वर शोधताय. ते समोर पलंगावर आहे.

हीच बोव्हार १९६३मध्ये, आई कॅन्सरनं आजारी असताना, डॉक्टर आणि बहिणीबरोबर त्या लपवालपवीत सामील झाली होती. आईला पोटातली सूज एवढंच सांगितलं होतं. पुढच्याच वर्षी तिनं त्यावर लिहिलं आणि स्वतःला सोडलं नाही.

मला हे इतकं लागतं कारण माझ्या आईला आम्ही पाच महिने सांगितलं नव्हतं. शेवटच्या आठवड्यात तिनं आम्हाला काहीही विचारणं थांबवलं. औषध कसलं, घरी कधी जायचं, काहीच नाही. तिला सगळं कळलं होतं आणि ती आम्हाला सांभाळत होती. तुमचे वडील अजून विचारतायत. विचारतायत तोवर सांगा.

खोल_पाणी

उघडं_दार, तुमच्या आईचं वाचून बराच वेळ काही लिहवलं नाही. तरी "साधं खोटं" याच्याशी मी सहमत नाही.

मी श्रद्धा असलेली बाई आहे. हे आधी सांगते म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल. किर्केगार्दनं १८४३ मध्ये बायबलमधल्या अब्राहमावर जे पुस्तक लिहिलं त्याबद्दल बोलताना सगळे सुऱ्याबद्दल बोलतात. देवानं मुलाचा बळी मागितला, बाप निघाला, नीती मोठी की श्रद्धा. पण त्या पुस्तकाचा अख्खा एक भाग वेगळ्याच प्रश्नाला दिलाय: अब्राहमानं बायको सारापासून, नोकरापासून आणि खुद्द मुलापासून, इसहाकापासून, आपला बेत लपवला, हे नीतीला धरून होतं का? म्हणजे तुमचाच प्रश्न. आणि किर्केगार्द त्याला साधं खोटं म्हणून निकालात काढत नाही. अब्राहम बोलत नाही, कारण तो बोलूच शकत नाही. जे त्याच्या आत आहे ते सगळ्यांना समजेल अशा वाक्यात बसत नाही.

त्या पुस्तकाच्या सुरुवातीला तीच कथा चार वेगवेगळ्या रीतींनी सांगितली आहे. पहिलीत अब्राहम मुलाला मुद्दाम सांगतो की हे सगळं मीच करतोय, देवाचा यात काही संबंध नाही. मुलानं बापाला राक्षस समजलं तरी चालेल, पण त्याचा देवावरचा विश्वास उडू नये. चौथीत सगळं सुखरूप पार पडतं, दोघं घरी येतात. पण सुरा काढताना बापाची मूठ निराशेनं आवळलेली इसहाकाला दिसलेली असते. त्या क्षणी त्याचा विश्वास जातो. तो हे आयुष्यात कोणालाही सांगत नाही आणि अब्राहमाला कधी संशयही येत नाही.

तुमचा प्रश्न वाचताना मला हा चौथा इसहाक आठवला. तुमच्या बाबतीत तर सुरा नाही, चांगला रिपोर्ट आहे. पण घरी परतलेला, काही न बोललेला मुलगा तोच. फरक एवढाच की तुमच्या वडिलांना संशय आलाय.

दुसरं. हे पुस्तक किर्केगार्दनं स्वतःच्या नावानं छापलं नाही. त्यावर नाव आहे योहानेस द सिलेन्शिओ, मौनातला योहानेस. आणि हा योहानेस पुनःपुन्हा सांगतो की माझ्यापाशी श्रद्धा नाही, अब्राहमाचं कौतुक मला करता येतं, त्याच्यासारखं करता येत नाही. श्रद्धेवरचं हे इतकं भेदक लिखाण किर्केगार्दनं श्रद्धा नसलेल्या आवाजाला दिलं. तो तुमच्यासारखाच दुसऱ्याची प्रार्थना मोठ्यानं वाचत होता. त्याला कोणी खोटारडा म्हणत नाही, कारण मी वाचतोय, म्हणत नाहीये, हे त्यानं कबूल केलंय.

आणि वडिलांच्या आत काय आहे हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालू नका. किर्केगार्दच्या वडिलांनी लहानपणी माळावर मेंढ्या राखताना, थंडीनं आणि भुकेनं हैराण होऊन, टेकाडावर उभं राहून देवाला शाप दिले होते. तो माणूस ते ब्याऐंशीव्या वर्षीही विसरू शकला नव्हता, असं मुलानं रोजनिशीत लिहून ठेवलंय. घरात सगळ्यांत धर्मनिष्ठ तोच होता.

माझी श्रद्धा म्हणाल तर ती माझ्या मालकीची वस्तू नाही. किर्केगार्द म्हणतो की श्रद्धा असणं म्हणजे सत्तर हजार वाव खोल पाण्यावर असणं. काठावर बसून ते पाणी आपलं आहे असं म्हणता येत नाही. काही रात्री मीही नुसती वाचते. तरी वाचते, कारण उद्या म्हणता येईल अशी जागा त्यानं उघडी राहते. तुमच्यावर हे लादत नाही. तुमच्या बाकावरच्या त्या रिकाम्या जागेला मी काही नाव देणार नाही.

आडवी_मात्रा

एकच सांगायचंय. ज्याला शंका नसते तो "वाचतोयस की म्हणतोयस" असं विचारत नाही. त्यांना कळलंय. तुम्ही दोघंही एकमेकांना पहिला बोलायची संधी देताय.

कच्चा_खर्डा

सगळ्यांचे आभार. चौथ्या इसहाकाचा उतारा त्या प्रुफांत नव्हता. तो वाचून मी उठून खोलीत फेऱ्या मारल्या.

उघडं_दार, तुमचं म्हणणं पटतं तरी एक अडतं. बाबांना मी सांगितलं तर माझं ओझं कमी होईल, यात शंका नाही. पण त्यांना रात्री साडेनऊनंतर दुसरं काय आहे? दिवस रेडिओवर जातो. रात्री ती वीस मिनिटं ते बसून ऐकतात, तेव्हा त्यांचा चेहरा मी बघतो. माझ्या प्रामाणिकपणाची किंमत ती वीस मिनिटं असेल, तर ती त्यांनी का मोजायची? माझं खरेपण त्यांच्या खर्चानं होऊ नये असं वाटतं.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे. ज्या वॉर्डमध्ये बरं होऊन घरी जाणारे कमी, तिथे काम करते. पहाटे तीनच्या सुमारास माणसं म्हणतात, "सिस्टर, माझ्यासाठी प्रार्थना म्हणा." माझा देवावर विश्वास नाही. पहिली काही वर्षं मी म्हणायचे. म्हणून झाल्यावर हात धुवायला जायचे तेव्हा आरशात बघायला नको वाटायचं. नंतर एका आजींनी विचारलं तेव्हा तोंडातून आपोआप आलं, "आजी, तुम्ही म्हणा, मी इथेच बसते." त्यांनी म्हटलं. मी बसले. त्यांचा हात माझ्या हातात होता, आणि मला आठवतं, त्या रात्री आरशाचं काही वाटलं नाही. तेव्हापासून मी तेच वाक्य वापरते. आजवर एकानंही "नको" म्हटलेलं नाही.

काम्यूच्या १९४७च्या प्लेगच्या कादंबरीत एक लहान मुलगा तडफडून मरतो. खाटेपाशी डॉक्टर रियू आणि धर्मगुरू पानलू, दोघं असतात. रियूचा संताप उसळतो. नंतर बाहेर बसल्यावर तो पानलूला जे सांगतो त्याचा आशय असा, की आपण दोघं एकाच कामात आहोत आणि ते काम देवनिंदेच्याही पलीकडचं आणि प्रार्थनेच्याही पलीकडचं आहे. ते पान मी ड्युटीच्या खोलीत वाचलं होतं. "हवं" हा शब्द कोणाच्या जोरावर, असं तुम्ही विचारलंत. मला विचाराल तर रियू त्याच्या मुळाशी जात नाही. खाटेवर मूल आहे, एवढं त्याला पुरतं. तत्त्वज्ञानाच्या परीक्षेत हे उत्तर चालणार नाही, पण तीन वाजता दुसरं कुठलं उत्तर माझ्या उपयोगी पडलेलं नाही.

स्पॅनिश लेखक उनामुनोची १९३१ची एक छोटी कादंबरी आहे, एका गावच्या धर्मगुरूची. डॉन मॅन्युएल त्याचं नाव. गावाचा जीव त्याच्यावर, आणि त्याचा स्वतःचा मरणोत्तर जीवनावर विश्वास नाही. सगळं गाव एका सुरात श्रद्धेची प्रतिज्ञा म्हणतं, त्याचा आवाज त्या सुरात असतो. "अनंत जीवनावर माझा विश्वास आहे" ही ओळ आली की तो गप्प होतो आणि गावाचा आवाज त्याची ओळ झाकून टाकतो. मला तो माणूस फार आवडतो, आणि त्याच्यावर रागही येतो. लोकांना सत्य पेलणार नाही हे त्यानं परस्पर ठरवलं आणि ते एकट्यानं वाहत बसला.

तुमच्या खोलीत गाव नाही. तुम्ही गप्प झालात तर ती ओळ झाकायला एकच आवाज आहे, त्र्याऐंशी वर्षांचा. पण आहे ना? चौदा महिन्यांत त्यांनी स्वतः एखादी ओळ म्हटली का? की सगळ्या तुम्हीच वाचताय? तुम्ही लिहिलंय "ती वीस मिनिटं त्यांची". मला मात्र असं दिसतं की ते ऐकतायत आणि तुम्ही करताय. त्यांच्या हातून ते पूर्ण सुटलंय. नजर गेलेल्या माणसाकडून आपण किती गोष्टी मदतीच्या नावाखाली काढून घेतो हे मी रोज बघते. त्यांना वही दिसत नाही, पण आईच्या तोंडच्या प्रार्थना ते विसरलेत असं कोणी सांगितलं?

कच्चा_खर्डा

बऱ्याच दिवसांनी लिहितोय.

रात्रपाळी, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "नाही" असं होतं. त्यांना काय काय पाठ आहे हे मी कधी विचारलंच नव्हतं.

ठरवून सांगायला मला जमलं नाही. तीन रात्री वाक्य जुळवून खुर्चीत बसलो आणि पान वाचून उठलो. चौथ्या रात्री सतरावं पान आलं. त्या ओळीपाशी मी जे छापलेलं असेल तेच वाचायचं, म्हणजे या वहीत जे लिहिलंय तेच वाचायचं, एवढंच केलं. "दिसणाऱ्याचा हात माझ्या हातून सुटू नये."

बाबा म्हणाले, "न राहिला."

"वहीत नाहीये, बाबा."

"इतके दिवस तर होता."

"मी घालत होतो."

ते काही बोलले नाहीत. मग मीच बोललो. ताईच्या रिपोर्टचा दिवस, बाक, सहा वर्षं, सगळं. जुळवलेलं एकही वाक्य कामी आलं नाही. खूप तुटक बोललो. मध्ये एकदा त्यांनी "ताईला माहीत आहे?" एवढंच विचारलं. मी नाही म्हटलं. बोलून झाल्यावर ते म्हणाले, "आता झोपतो." मी दिवा घालवला. त्यांना दिवा असला काय, नसला काय, पण घालवला.

पुढच्या दोन रात्री साडेनऊला मी दारात गेलो आणि ते "आज नको" म्हणाले. उघडं_दार, त्या दोन रात्री तुमचा मला राग आला होता, हे कबूल करतो. मी त्यांच्याकडून काय काढून घेतलंय ते समोर दिसत होतं. वही स्टुलावर, ते भिंतीकडे तोंड करून. सांगणं बरोबर होतं असं त्या रात्रींना मला वाटलं नाही, आणि आजही पूर्ण वाटत नाही.

तिसऱ्या रात्री त्यांनी हाक मारली. मी खुर्ची ओढली.

"कुठल्या ओळी तुला म्हणता येत नाहीत?"

मला आधी प्रश्न कळला नाही. मग कळला. आम्ही पहिल्या पानापासून सुरुवात केली. मी एकेक ओळ वाचायचो आणि सांगायचो, ही नाही, ही नाही, ही येते. अकराव्या पानावर आहे, "ज्यांना आज झोप नाही त्यांना झोप लागो." ती मला म्हणता येते. कोणाला उद्देशून आहे हे ठरवायची गरज पडत नाही. "माझ्या बोलण्यानं कोणाचं मन मोडू नये", हीसुद्धा. अशा फार नाहीत. छत्तीस प्रार्थनांत एकोणीस ओळी निघाल्या. हे सगळं करायला पाच रात्री लागल्या. माझ्या सगळ्या नोकरीत इतकं सावकाश वाचन मी केलेलं नाही.

खोल_पाणी, तुमच्या सत्तर हजार वावांवर मी नाही. मी काठावरच आहे आणि काठावर आहे हे आता घरात माहीत आहे.

आता होतं असं की मी ओळ वाचतो, बाबा ती माझ्यामागून म्हणतात. बहुतेक त्यांना पाठ आहेत. कुठे अडखळले तर मी पुढचा शब्द देतो. त्या एकोणीस ओळी आल्या की मी थांबत नाही, त्यांच्याबरोबर म्हणतो. वीस मिनिटांची चाळीस झालीत. त्यांचा आवाज सुरुवातीला फार बारीक यायचा, आता खोलीबाहेर ऐकू जातो. ताईनं परवा फोनवर मागे कोण बोलतंय म्हणून विचारलं.

"हवं"चं मूळ मला अजून सापडलेलं नाही. रात्रपाळींचं उत्तर जवळचं वाटतं, पण खाटेवरच्या माणसानं दोन रात्री पाठ फिरवली तेव्हा ते उत्तर मला पुरलं नव्हतं, आणि तरी मी साडेनऊला दारात गेलो होतो. का गेलो, ते सांगता येत नाही.

काल पुन्हा सतरावं पान होतं. त्या ओळीपाशी आम्ही दोघंही थांबलो.

मी विचारलं, "तो न तुमच्याकडून उतरवताना सुटला ना?"

बाबा बराच वेळ आठवत होते. "मी सोडला की आईच तसं म्हणायची, आता खरंच सांगता येत नाही."

"मग काय करू? घालू?"

"घाल," म्हणाले. "पण पेन्सिलीनं घाल."